खासगी रॉकेटचा बाजार आणि लिंबागणेशचे शिवार

अवकाश क्षेत्राची दारे खासगी उद्योगांना खुली होऊन पाच वर्षे उलटली. हैदराबाद आणि चेन्नईच्या कंपन्यांनी रॉकेट उडवून दाखवले. त्यांच्या जडणघडणीत महाराष्ट्रातील कारखान्यांचाही हातभार आहे. मात्र हा उद्योग टिकायचा तर त्याला कायमचा ग्राहक हवा, आणि त्या ग्राहकाचा माग काढत गेले की वाट बालाघाटच्या कोरडवाहू शिवारापर्यंत येते.

लिंबागणेश (जि. बीड) : मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले लिंबागणेश हे गाव भालचंद्र गणेशाच्या मंदिरासाठी परिचित आहे. महसुली दप्तरात ते बीड तालुक्यातील एक मंडळ आहे. पाऊस किती पडला, पिकाचे सरासरी उत्पन्न किती आले आणि विम्याची भरपाई मिळणार की नाही, याचा हिशेब अशा मंडळांवर मांडला जातो. हैदराबादेत रॉकेट बांधणाऱ्या एखाद्या कंपनीचा या हिशेबाशी संबंध जोडला, तर तो प्रथमदर्शनी ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल. परंतु रॉकेट उपग्रह वाहून नेते, उपग्रह छायाचित्रे आणि संदेश पुरवतो, आणि त्या छायाचित्रांचे पैसे कोणीतरी मोजावे लागतात. भारतात ते मोजणाऱ्यांमध्ये सरकार हा मोठा ग्राहक आहे. सरकारला ही छायाचित्रे ज्या कामांसाठी हवी आहेत, त्यात पीकपाहणी, दुष्काळ आणि अतिवृष्टीचे अंदाज अग्रस्थानी आहेत. ही साखळी ध्यानात घेतली नाही, तर खासगी अवकाश उद्योगाची चर्चा उड्डाणाच्या टाळ्यांपुरतीच राहते.

आरंभ झाला, पुढे काय?

केंद्र सरकारने जून २०२० मध्ये अवकाश क्षेत्र खासगी उद्योगांना खुले करण्याचा निर्णय जाहीर केला आणि परवानगी देण्यासाठी 'इन-स्पेस' ही स्वतंत्र यंत्रणा निर्माण केली. तोवर खासगी कंपन्या इस्रोला सुटे भाग पुरवत असत. रॉकेट स्वतःच्या नावाने उडवण्याची मुभा त्यांना नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीचे नियम सैल झाले. प्रक्षेपकांसाठी ४९ टक्के, उपग्रह निर्मितीसाठी ७४ टक्के आणि सुट्या भागांसाठी १०० टक्क्यांपर्यंत गुंतवणूक आता स्वयंचलित मार्गाने येऊ शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये या क्षेत्रातील नवउद्योगांसाठी एक हजार कोटी रुपयांच्या साहस भांडवल निधीला मंत्रिमंडळाने मान्यता दिली.

या धोरणाचे पहिले दृश्य फळ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी दिसले. इस्रोच्या दोन माजी अभियंत्यांनी २०१८ मध्ये स्थापन केलेल्या 'स्कायरूट एरोस्पेस' या हैदराबादच्या कंपनीचे 'विक्रम-एस' हे रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले. सुमारे सहा मीटर उंचीचे आणि ५४५ किलो वजनाचे हे रॉकेट ८९.५ किलोमीटर उंची गाठून बंगालच्या उपसागरात विसावले. मोहिमेचे नाव होते 'प्रारंभ'. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या 'अग्निकुल कॉसमॉस'ने त्रिमितीय छपाई तंत्राने एकाच तुकड्यात बनवलेले इंजिन वापरून आपले 'अग्निबाण' चाचणी-उड्डाण पार पाडले. आयआयटी मद्रासमध्ये जन्मलेल्या या कंपनीने त्यासाठी श्रीहरिकोट्यातच स्वतःचा छोटा प्रक्षेपण-मंच उभारला होता.

या दोन्ही उड्डाणांचे मोल निर्विवाद असले तरी त्यांची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. दोन्ही रॉकेट वर गेली आणि खाली आली. पृथ्वीच्या कक्षेत त्यांनी काही ठेवले नाही. कक्षेत स्थिर होण्यासाठी उपग्रहाला सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेग द्यावा लागतो. केवळ उंची गाठणे आणि हा वेग देणे यांत फार मोठे अंतर आहे. हे अंतर कापण्यासाठी स्कायरूटने 'विक्रम-१' हे मोठे रॉकेट विकसित केले. त्याच्या पहिल्या टप्प्यातील 'कलाम-१२००' या इंजिनाची चाचणी ८ ऑगस्ट २०२५ रोजी श्रीहरिकोट्यात झाली आणि २७ नोव्हेंबर २०२५ रोजी कंपनीच्या नव्या संकुलाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधानांच्या हस्ते रॉकेटचे अनावरण झाले.

नागपूरची भट्टी

या प्रवासातील महाराष्ट्राचा वाटा फारसा चर्चेत येत नाही. स्कायरूटच्या 'कलाम-५' या पहिल्या घन इंधन इंजिनाची चाचणी डिसेंबर २०२० मध्ये नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'धवन-१' हे क्रायोजेनिक इंजिन आणि मे २०२२ मध्ये 'विक्रम-१'च्या एका टप्प्याचे 'कलाम-१००' हे इंजिनही तेथेच पेटवण्यात आले. दुसऱ्या टप्प्याच्या 'कलाम-२५०' इंजिनाची चाचणी मार्च २०२४ मध्ये श्रीहरिकोट्यात झाली, पण त्यात भरलेले घन इंधन नागपूरचे होते. सोलरने स्कायरूटमध्ये भांडवलही गुंतवले होते.

हा योगायोग नाही. विदर्भातील कोळसा खाणींना लागणाऱ्या स्फोटकांच्या व्यवसायातून ही कंपनी वाढली. घन इंधन म्हणजे ऑक्सिजन पुरवणारा क्षार, अॅल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना बांधून ठेवणारे रबरासारखे द्रव्य यांचे घट्ट मिश्रण. ते समप्रमाणात कालवणे, हवेचा बुडबुडा राहू न देता साच्यात ओतणे आणि तडा न जाता मुरवणे ही कौशल्ये स्फोटके हाताळणाऱ्या हातांना परकी नसतात. इंधनात केसाएवढी चीर राहिली तरी जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, आतील दाब चढतो आणि कवच फुटू शकते.

या कौशल्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळच्या बाजारगाव येथील सोलरच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात नऊ कामगारांचा मृत्यू झाला. त्यात सहा महिला होत्या. तो रॉकेट इंजिनाच्या कामातील अपघात नव्हता. तरीही स्फोटक द्रव्यांच्या उद्योगाची साखळी जसजशी वाढेल, तसतसा कामगार सुरक्षेचा प्रश्न अवकाश धोरणाच्याही विषयपत्रिकेवर यायला हवा, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

साखर यंत्रांकडून रॉकेटच्या कवचाकडे

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेऊन, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असा हिशेब मांडत हे कामगार वर्षाचे काही महिने साखरपट्ट्यात काढतात. त्याच पट्ट्यात, पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात उभारलेल्या या वसाहतीचा पाया साखरेचा होता. साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता तेथील कार्यशाळा जाड पोलाद वळवणे, जोडणे आणि त्याचा दाब तपासणे यांत तरबेज झाली. १९७०च्या दशकापासून वालचंदनगर इंडस्ट्रीज इस्रोसाठी रॉकेटच्या इंजिनांची कवचे बनवू लागली.

रॉकेटचे कवच ही साधी नळी नसते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन इंधन असते. एलव्हीएम-३च्या प्रत्येक बूस्टरमध्ये ते २०० टनांहून अधिक असते. आतला प्रचंड दाब आणि उष्णता सोसणारे हे कवच विशेष पोलादाच्या कड्यांपासून घडवले जाते. वेल्डिंगचा प्रत्येक सांधा क्ष-किरणांनी तपासला जातो. वालचंदनगरप्रमाणेच पवईच्या लार्सन अँड टुब्रोमध्ये ही कवचे तयार होतात, तर गोदरेजच्या विक्रोळी येथील कारखान्यात द्रव इंधनावरील 'विकास' इंजिने बनतात. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये एलव्हीएम-३ने वनवेब या परदेशी कंपनीचे ७२ उपग्रह दोन उड्डाणांत कक्षेत सोडले. ते भारताच्या व्यापारी प्रक्षेपणातील मोठे यश होते, आणि त्या उड्डाणांमागे महाराष्ट्रातील कारखान्यांचे श्रमही होते.

मात्र इतकी वर्षे कवचे घडवूनही महाराष्ट्राची भूमिका पुरवठादाराचीच राहिली. २०२५ मध्ये ती बदलण्याची एक संधी आली होती. इस्रोने ५०० किलोपर्यंतचे उपग्रह वाहून नेणाऱ्या 'एसएसएलव्ही' या छोट्या प्रक्षेपकाचे संपूर्ण तंत्रज्ञान उद्योगांकडे सोपवण्याचे ठरवले. अंतिम फेरीत तीन स्पर्धक उरले. त्यांपैकी एका गटात अल्फा डिझाइन या बंगळुरूच्या कंपनीबरोबर अग्निकुल आणि वालचंदनगर इंडस्ट्रीज होत्या. दुसऱ्या गटात भारत डायनॅमिक्सबरोबर स्कायरूट होती. जूनमध्ये निकाल लागला. ५११ कोटी रुपयांची बोली लावून एकट्याने उतरलेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीने बाजी मारली.

या निकालात इतिहासाचा एक विलक्षण धागा आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळ असलेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी वालचंद हिराचंद यांनीच १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहभागाने बंगळुरूत स्थापन केली होती. महायुद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये सरकारने तिचा ताबा घेतला. म्हणजे वालचंदांच्या एका कारखान्याचा सहभाग असलेला गट त्यांच्याच दुसऱ्या, कालांतराने सरकारी झालेल्या कारखान्यापुढे मागे पडला. भारतात खासगी साहस आणि सरकारी आश्रय यांची सीमारेषा किती पुसट असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

एसटी आणि काळीपिवळी

छोट्या रॉकेटांचे अर्थशास्त्र मराठवाड्यातील प्रवाशाला सहज उमजेल. एसटीचे तिकीट स्वस्त असते. परंतु ती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गानेच जाते. आपल्या वेळेला, आपल्या वस्तीपर्यंत जायचे तर काळीपिवळी जीप 'स्पेशल' करावी लागते आणि तिचे भाडे अधिक पडते. अवकाशातही हेच घडते. अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीने जानेवारी २०२१ पासून छोट्या उपग्रहांसाठी 'ट्रान्सपोर्टर' ही सामायिक फेरी सुरू केली. पहिल्याच फेरीत १४३ उपग्रह गेले आणि इस्रोचा फेब्रुवारी २०१७ मधील १०४ उपग्रहांचा विक्रम मागे पडला. या सेवेचा सुरुवातीचा जाहीर दर २०० किलोपर्यंत दहा लाख डॉलर होता. रॉकेटचा पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरण्याचे तंत्र साधल्यामुळे स्पेसएक्सला हा दर परवडतो.

छोट्या रॉकेटांच्या कंपन्यांना 'स्पेशल' गाडीचे गिऱ्हाईक शोधावे लागते. विशिष्ट कक्षा, विशिष्ट वेळ किंवा संरक्षणाची निकड असेल तेथेच जादा भाडे मोजले जाते. न्यूझीलंडमधून वाढलेल्या रॉकेट लॅबने ही बाजारपेठ मिळवली, तरी उपग्रहांचे भाग विकण्याची जोड तिला द्यावी लागली. व्हर्जिन ऑर्बिटने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. भारतीय कंपन्यांपुढील आव्हान याच प्रकारचे आहे. बंगळुरूच्या 'पिक्सेल' या भारतीय कंपनीचे पहिले तीन 'फायरफ्लाय' उपग्रह जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातून, स्पेसएक्सच्या सामायिक फेरीनेच गेले. इस्रोनेही आपला 'जीसॅट-एन२' हा जड संदेशवहन उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेसएक्सच्याच रॉकेटने पाठवला.

उड्डाणांच्या संख्येतील तफावत याहून अधिक बोलकी आहे. २०२४ या वर्षात इस्रोने पाच प्रक्षेपणे केली. स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटांनी त्याच वर्षी १३० हून अधिक. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ची मोहीम तिसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे अपयशी ठरली. अशा वेळी वर्षाला मोजकीच कवचे घेणाऱ्या यंत्रणेसाठी कारखान्याने नवी यंत्रसामग्री का घ्यावी आणि कुशल वेल्डरला बारा महिने कामावर का ठेवावे, हा व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो.

खासगी म्हणजे किती खासगी?

स्पेसएक्सचे उदाहरण भारतात नेहमी सरकारने बाजूला होण्याच्या समर्थनार्थ दिले जाते. कंपनीचा इतिहास मात्र निराळे सांगतो. २००२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची पहिली तीन उड्डाणे अपयशी ठरली. चौथे उड्डाण २८ सप्टेंबर २००८ रोजी यशस्वी झाले, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'नासा'ने अंतराळ स्थानकाला सामान पोहोचवण्यासाठी १२ उड्डाणांचे १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले आणि कंपनी तगली. त्याआधी २००६ पासूनच विकासखर्चातही नासाचा वाटा होता. नासाने रॉकेट बांधण्याचे काम सोडले, परंतु सेवा विकत घेण्याची हमी दिली. खासगी भांडवलाने धोका पत्करला तो या हमीच्या आधाराने.

भारतात परवानगी मिळाली, चाचणीकेंद्रे मिळाली, श्रीहरिकोट्याचा तळ आणि इस्रोच्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले. थुथुकुडी जिल्ह्यातील कुलशेखरपट्टणम येथे छोट्या रॉकेटांसाठी दुसऱ्या तळाची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. खरेदीची हमी मात्र तुकड्यातुकड्याने येत आहे. त्यातील लक्षणीय पाऊल ऑगस्ट २०२५ मध्ये पडले. पृथ्वी निरीक्षणाच्या १२ उपग्रहांची मालिका उभारण्याचे काम इन-स्पेसने पिक्सेलच्या नेतृत्वाखालील खासगी गटाला दिले. या गटाने बाराशे कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक करायची असून उपग्रह भारतात बनवून भारतीय रॉकेटनेच सोडायचे आहेत. ही अट कागदावरून उतरली, तर देशी प्रक्षेपकांना प्रवासी मिळतील.

इन-स्पेसच्या ऑक्टोबर २०२३ मधील दशकीय आराखड्यानुसार भारताची अवकाश अर्थव्यवस्था सुमारे ८.४ अब्ज डॉलरची, म्हणजे जगाच्या दोन टक्क्यांच्या आसपास होती. २०३३ पर्यंत ती ४४ अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. या रकमेतील मोठा भाग रॉकेटमधून नव्हे, तर उपग्रहांच्या सेवांमधून यायचा आहे. येथेच लिंबागणेशसारख्या मंडळांचा संबंध येतो.

शिवारातला ग्राहक

पीकविम्याच्या इतिहासात बीड जिल्ह्याला स्वतंत्र स्थान आहे. २०२०च्या खरिपात या जिल्ह्याची जोखीम घ्यायला विमा कंपन्या पुढे येईनात, तेव्हा सरकारी कृषी विमा कंपनीमार्फत नवे सूत्र लागू झाले. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत गेली तर ती कंपनी देईल, त्यापुढचा भार राज्य उचलेल. भरपाई ८० टक्क्यांहून कमी राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेला पैसा राज्याला परत करावा. हाच पुढे 'बीड पॅटर्न' म्हणून गाजला. २०२३च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा सुरू झाला. बोगस अर्जांच्या तक्रारी वाढल्या, त्यात बीडचे नाव वारंवार आले, आणि २०२५च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली.

या साऱ्या वादांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : शेतात खरोखर काय पेरले होते आणि किती उगवले? आजवर त्याचे उत्तर पीक कापणी प्रयोगांतून मिळत आले. मंडळातील मोजक्या प्लॉटांवर कापणी होते आणि तिची सरासरी सर्वांना लागू होते. डोंगरउताराची हलकी जमीन आणि ओढ्याकाठची काळी जमीन एकाच आकड्यात बसवली जाते. उपग्रह या दोहोंत फरक करू शकतो. हिरवे पान सूर्यप्रकाशातील लाल किरण शोषते आणि अवरक्त किरण परावर्तित करते. पीक सुकू लागले की हे प्रमाण बदलते. युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची छायाचित्रे विनामूल्य उपलब्ध आहेत. तथापि खरिपात ढगांमुळे ती अनेकदा निरुपयोगी ठरतात. ढगांआडूनही पाहणारे रडार उपग्रह तेव्हा कामी येतात. इस्रोने फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४ हा त्याच जातीचा. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील पिके पाण्याखाली गेली, तेव्हा आभाळ आठवडाभर निवळण्याची वाट पाहणे परवडणारे नव्हते. अधिक रडार उपग्रह आणि अधिक वेळा होणारी पाहणी यांची खरी गरज अशा दिवसांत कळते.

केंद्राच्या पीकविमा योजनेत २०२३च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधताना तंत्रज्ञानाधारित पद्धतीला किमान ३० टक्के भारांक देण्यात आला. नंतर सोयाबीनचा समावेश झाला. बीडच्या शेतकऱ्यासाठी सोयाबीन आणि कापूस ही हुकमी पिके असल्याने हा बदल थेट त्याच्या खिशाला भिडतो. याचाच अर्थ असा की, शेतकऱ्याच्या नावाने भरला जाणारा हप्ता आणि सरकारी अनुदान यांतील काही पैसा उपग्रहांच्या माहितीकडे वळतो. हाच पैसा पुढे उपग्रह निर्मात्याकडे, प्रक्षेपकाकडे आणि कवच घडवणाऱ्या कारखान्याकडे झिरपू शकतो.

परंतु या व्यवहारात शेतकऱ्याला गिऱ्हाइकाचे हक्क नाहीत. आपल्या मंडळाचे उत्पन्न उपग्रहाने किती धरले, कोणत्या तारखेच्या छायाचित्रांवरून धरले आणि कापणी प्रयोगाशी ते किती जुळले, हे त्याच्या हाती सहजासहजी पडत नाही. कापणी प्रयोगाच्या वेळी निदान गावकरी बांधावर उभे राहून वजनकाटा पाहू शकत. संगणकाने काढलेला आकडा तपासायचा तर तशी सोय हवी. ती नसेल तर अचूक तंत्रज्ञानही अविश्वासाच्या गर्तेत सापडेल आणि ज्या मागणीवर अवकाश उद्योगाची भिस्त आहे तीच डळमळेल.

आकाशातून पडणाऱ्या तुकड्यांचा हिशेब

गावांचा रॉकेटशी आणखी एक, नको असलेला संबंध येऊ शकतो. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, पूर्व महाराष्ट्राच्या आकाशात जळते गोळे दिसले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाले, तर प्रक्षेपण करणाऱ्या देशावर पूर्ण दायित्व येते. रॉकेट खासगी असले तरी भरपाई देशानेच द्यायची असते. त्यामुळे भारतीय खासगी रॉकेटच्या चुकीची किंमत अखेर करदात्याच्या माथी येऊ शकते. अवकाश व्यवहारांच्या कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर धोरण आले, इन-स्पेसने मे २०२४ मध्ये परवानगीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली. कंपनीने किती रकमेचा विमा उतरवावा आणि सरकारने कोठून पुढे भार घ्यावा, याला संसदेच्या कायद्याचे अधिष्ठान मिळणे गुंतवणूकदार आणि नागरिक दोघांच्याही हिताचे आहे.

मराठवाड्याने काय मागावे?

महाराष्ट्रात रॉकेटतळ व्हावा, अशी मागणी अधूनमधून होते. भूगोल तिला अनुकूल नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पूर्वेकडे उडणाऱ्या रॉकेटला श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेग फुकटात मिळतो आणि गळून पडणारे टप्पे समुद्रात जातात. कोकण किनाऱ्यावरून पूर्वेकडे उड्डाण केले तर ते टप्पे सह्याद्रीपलीकडच्या वस्त्यांवर येतील. तळ पूर्व किनाऱ्यावरच असणार, हे मान्य करून महाराष्ट्राने आपले बळ कोठे आहे ते पाहिले पाहिजे.

ते कार्यशाळेत आहे. तमिळनाडू आणि गुजरातने २०२५ मध्ये अवकाश उद्योगासाठी स्वतंत्र धोरणे आखली. महाराष्ट्राने विमान व संरक्षण उत्पादनाचे धोरण २०१८ मध्येच आणले होते; पुणे, नाशिक, नागपूर ही केंद्रे त्यातून अधोरेखित झाली. वाळूज आणि चिकलठाण्याच्या वाहन उद्योगाने घडवलेले यंत्रकारागीर छत्रपती संभाजीनगरात आहेत आणि त्यांत बीड जिल्ह्यातील तरुणांची संख्या कमी नाही. मोटारसायकलचा सुटा भाग आणि रॉकेटच्या इंजिनाची झडप यांत अचूकतेचे अंतर आहे, पण ते प्रशिक्षणाने आणि तपासणीच्या सोयींनी कापता येण्याजोगे आहे. टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागाने बीडमध्ये 'सीट्रिपलआयटी' हे प्रशिक्षण केंद्र उभारण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अनेक दशकांच्या प्रतीक्षेनंतर बीडहून अहिल्यानगरकडे रेल्वे धावली. केंद्रातील अभ्यासक्रमात विशेष वेल्डिंग, क्ष-किरण तपासणी आणि अचूक यंत्रकाम यांना स्थान मिळाले, तर कोयत्याऐवजी दुसरे अवजार हाती घेण्याची वाट काहींसाठी तरी खुली होईल.

दुसरी मागणी माहितीच्या हक्काची असायला हवी. मंडळनिहाय उपग्रह अंदाज हंगाम संपण्याआधी ग्रामपंचायतीत लावले जावेत, त्यावर हरकत घेता यावी आणि हरकतीचा निवाडा ठरलेल्या मुदतीत व्हावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने दुर्गम भागांत उपग्रहाद्वारे इंटरनेट पोहोचवण्यासाठी स्टारलिंकशी इरादापत्र केले. उपग्रहाच्या सेवा विकत घेण्याची तयारी सरकारकडे आहे, हे त्यातून दिसते. मग त्याच सेवेतून आपल्या शेताविषयी काय निष्कर्ष निघाला, हे शेतकऱ्याला सांगण्यात अडचण नसावी.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. केंद्र आणि राज्य यांनी पुढील काही वर्षांत पीकपाहणी, पूरनकाशे आणि भूजल अभ्यास यांसाठी किती माहिती विकत घेणार, हे आधीच जाहीर केले, तर उपग्रह कंपन्यांना कर्ज मिळेल आणि प्रक्षेपकांना वेळापत्रक आखता येईल. वालचंदनगर आणि नागपूरच्या कारखान्यांनाही किती माणसे ठेवायची याचा अंदाज येईल. नासाने २००८ मध्ये जे एका कंत्राटाने साधले, ते भारताला अनेक छोट्या, पण खात्रीच्या खरेदीतून साधावे लागेल.

खासगी रॉकेट कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत जे धाडस दाखवले, त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. आता त्यांच्या यशाचे मोजमाप गाठलेल्या उंचीवर न करता, त्यांनी वाहून नेलेल्या उपग्रहाची माहिती वेळेत कोणाच्या हाती पडली यावर करण्याची वेळ आली आहे. पुढील अतिवृष्टीनंतर लिंबागणेश मंडळाचा पंचनामा किती दिवसांत झाला आणि त्यातील आकडा शेतकऱ्याला पटला का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून या उद्योगाची देशातील खरी पत कळेल.